आवाज तुटतो की संगणक अडखळतो? घरच्या संगणकातील दोष शोधण्याची रीत

घरच्या संगणकाबद्दल नेहमी ऐकू येणाऱ्या दोन तक्रारी म्हणजे आवाज नीट येत नाही आणि संगणक फार संथ झाला आहे. वरकरणी या दोन्ही वेगळ्या वाटतात आणि बहुतेक जण त्यांचे उपायही वेगवेगळे शोधतात. परंतु आवाजात खरखर येणे, गाणे मध्येच तुटणे किंवा चित्रफितीतील बोलणे अडखळणे यांचे मूळ पुष्कळदा संगणकाच्या रखडलेल्या कामातच असते. म्हणून दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी एकच प्रश्न सोडवावा: आवाज मुळीच येत नाही, की येतो पण तुटतो? मुळीच येत नसेल तर तो चुकीच्या उपकरणाकडे गेला आहे किंवा वाटेत अडला आहे, आणि ती वाट टप्प्याटप्प्याने तपासावी लागते. येऊन तुटत असेल तर वाट ठीक आहे, चुकते आहे ती वेळ. मग शोध प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि ड्रायव्हर (एखादे उपकरण विंडोजला चालवता यावे म्हणून असलेला छोटा प्रोग्रॅम) यांच्यापर्यंत न्यावा लागतो. या दोन प्रकारांची गल्लत झाली की माणूस निष्कारण नवे स्पीकर विकत घेतो, किंवा साधी एक कळ दाबून सुटणाऱ्या दोषासाठी विंडोज नव्याने टाकून बसतो.

पुढे दिलेली मेनूंची नावे विंडोज १० आणि ११ यांतील आहेत. मॅक आणि लिनक्स या विंडोजहून वेगळ्या प्रणाली वापरणाऱ्यांसाठी वेगळा मजकूर शेवटाकडे आहे, पण तपासणीचा क्रम सर्वत्र हाच राहतो.

सुरुवात रीस्टार्टने करावी, आणि ती 'रीस्टार्ट' या पर्यायानेच करावी. शट डाउन करून पुन्हा सुरू करणे म्हणजे तेच, असा सार्वत्रिक समज आहे. मात्र विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' ही सोय चालू असेल तर शट डाउनच्या वेळी प्रणालीच्या गाभ्याची आणि ड्रायव्हरांची अवस्था डिस्कवर जतन केली जाते व पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. परिणामी बिघडलेला ड्रायव्हर रोज रात्री संगणक बंद करूनही बिघडलेलाच राहू शकतो. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि 'परफॉर्मन्स' भागातील प्रोसेसरच्या पानावर 'अप टाइम' हा आकडा पाहावा. रोज बंद होणाऱ्या संगणकावरही तो कित्येक दिवसांचा दिसला, तर खरा रीस्टार्ट तितके दिवस झालेलाच नाही.

दुसरी शिस्त अशी की एका वेळी एकच बदल करावा, तो कागदावर लिहून ठेवावा आणि लगेच परिणाम पाहावा. चार सेटिंग्ज एकदम बदलल्या आणि आवाज सुरू झाला, तर पुढच्या वेळी तोच दोष आल्यावर पुन्हा चारही ठिकाणी शोधत बसावे लागते.

आवाज मुळीच येत नसेल तर

आवाज प्रोग्रॅममधून निघतो, विंडोजच्या मिक्सरमधून जातो, ड्रायव्हरमार्फत ध्वनीच्या चिपपर्यंत पोहोचतो आणि तेथून तारेने किंवा बिनतारी मार्गाने स्पीकरकडे जातो. ही साखळी मधोमध तोडून पाहणे सर्वात फायद्याचे ठरते. त्यासाठी सेटिंग्जमधील 'साउंड' पानावरून ध्वनीची जुन्या पद्धतीची खिडकी उघडावी. विंडोज ११ मध्ये तिचा दुवा 'मोअर साउंड सेटिंग्ज' या नावाने पानाच्या तळाशी असतो, तर विंडोज १० मध्ये 'साउंड कंट्रोल पॅनेल' या नावाने असतो. या खिडकीच्या 'प्लेबॅक' भागात प्रत्येक उपकरणाच्या नावापुढे एक उभी पट्टी दिसते. एखादे गाणे चालू ठेवून त्या पट्टीकडे पाहावे. आपल्या स्पीकरपुढची पट्टी हिरवी होऊन हलत असेल, तर प्रोग्रॅम आणि विंडोज आपले काम करीत आहेत आणि दोष त्यापुढे, म्हणजे चिप, तार किंवा स्पीकर यांत आहे. भलत्याच उपकरणापुढची पट्टी हलत असेल तर आवाज तिकडे जात आहे. कोणतीच पट्टी हलत नसेल तर दोष प्रोग्रॅममध्ये किंवा विंडोजच्या ध्वनिसेवेत शोधावा. एवढ्या एका निरीक्षणाने अर्धे काम संपते, तरीही कोणी ते करीत नाही याचे नवल वाटते.

आवाज भलतीकडे जाण्याचे नेहमीचे कारण म्हणजे एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टने जोडलेला मॉनिटर. अशी तार चित्राबरोबर आवाजही वाहून नेते, आणि नवा मॉनिटर जोडला की विंडोज पुष्कळदा त्यालाच आवाजाचे मुख्य उपकरण ठरवते. मॉनिटरला स्पीकर नसले की सर्वत्र शांतता पसरते. टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून योग्य उपकरण निवडले की काम होते. हा घोळ वारंवार होत असेल तर जुन्या खिडकीत मॉनिटरच्या नावावर राइट क्लिक करून ते उपकरण 'डिसेबल' करावे.

पट्टी हलतच नसेल तर 'व्हॉल्यूम मिक्सर' उघडून त्या प्रोग्रॅमचा आवाज शून्यावर नाही ना हे पाहावे, कारण विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमची पातळी आणि त्याचे उपकरण वेगळे लक्षात ठेवते. ब्राउझरमध्ये एकच टॅब म्यूट असू शकतो. दूरसंवादाच्या ॲपमध्ये स्पीकर आणि माइक यांची स्वतंत्र निवड असते व ती विंडोजच्या निवडीला जुमानत नाही. सर्व प्रोग्रॅमांची हीच अवस्था असेल तर 'सर्व्हिसेस' खिडकीत 'विंडोज ऑडिओ' ही सेवा शोधून ती रीस्टार्ट करावी.

पट्टी हलते पण ऐकू काहीच येत नाही, अशा वेळी हेडफोन किंवा स्पीकर आधी फोनला अथवा दुसऱ्या संगणकाला जोडून पाहावा. मोठ्या संगणकाच्या मागच्या बाजूला ध्वनीची भोके रंगीत असतात: हिरवे आवाज बाहेर नेण्यासाठी, गुलाबी माइकसाठी आणि निळे बाहेरचा आवाज आत घेण्यासाठी. पुढच्या बाजूची भोके एका पातळ तारेने मदरबोर्डला, म्हणजे आतील मुख्य सर्किट बोर्डला, जोडलेली असतात आणि ती तार सैल झाली की फक्त पुढची बाजू मुकी होते, म्हणून मागच्या भोकात पिन घालून पाहणे ही चांगली परीक्षा आहे. माइकसह येणाऱ्या हेडफोनच्या पिनेवर तीन काळी वर्तुळे असतात. अशी पिन केवळ हेडफोनसाठी असलेल्या भोकात घातली तर माइक चालत नाही, आणि त्यात कोणाचाही दोष नसतो.

यानंतर ड्रायव्हरची पाळी. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये ध्वनीचे उपकरण उघडावे. दोष एखाद्या अपडेटनंतर उद्भवला असेल तर 'रोल बॅक ड्रायव्हर' हा पर्याय आधी वापरावा. तो फिकट दिसत असेल व दाबला जात नसेल तर उपकरण 'अनइन्स्टॉल' करून संगणक रीस्टार्ट करावा, म्हणजे विंडोज त्याची मांडणी नव्याने करते. तेवढ्यानेही भागले नाही तर ड्रायव्हर यादीतून स्वतः निवडण्याच्या पर्यायात जाऊन 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' हा विंडोजचा स्वतःचा साधा ड्रायव्हर लावून पाहावा. त्याने आवाज आला तर चिप ठणठणीत आहे. मग लॅपटॉपच्या किंवा मदरबोर्डच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून नेमक्या मॉडेलचा ड्रायव्हर उतरवून घ्यावा. सर्व ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करून देण्याचे आश्वासन देणारे फुकट प्रोग्रॅम टाळावेत; ते भलत्या मॉडेलचा ड्रायव्हर बसवतात आणि सोबत नको असलेले आणखी काही घेऊन येतात.

सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांसह सुरू होते त्या अवस्थेत, आवाजाची परीक्षा घेऊ नये, कारण तेव्हा विंडोज ध्वनिसेवा सुरूच करीत नाही. चिप जिवंत आहे की मेली याचा निकाल लावायचा असेल तर उबंटूसारखे लिनक्स पेन ड्राइव्हवर घेऊन, डिस्कवर काहीही न बसवता, त्यावरून संगणक सुरू करावा. तेथे आवाज आला तर यंत्र निर्दोष आणि गोंधळ विंडोजमध्ये, इतके स्पष्ट उत्तर दुसऱ्या कोणत्याही उपायाने मिळत नाही. उलट, तेथेही आवाज आला नाही तर यंत्राबद्दलचा संशय पुष्कळ बळावतो. अशा वेळी यूएसबीवर चालणारे छोटे ध्वनिकार्ड लावणे हा मदरबोर्ड उघडण्यापेक्षा शहाणपणाचा मार्ग होय.

कॉल सुरू झाला की आवाज बिघडतो

दोन तक्रारी दोषासारख्या वाटतात, पण त्या संगणकाने मुद्दाम केलेल्या गोष्टी असतात. कॉल सुरू होताच गाण्याचा आवाज एकदम खाली जातो, याचे कारण ध्वनीच्या जुन्या खिडकीतील 'कम्युनिकेशन्स' या भागात आहे: विंडोजला संभाषण चालू असल्याचे कळले की ते इतर आवाज ८० टक्क्यांनी कमी करते. तेथे 'डू नथिंग' निवडावे.

दुसरी तक्रार ब्लूटूथ हेडफोनची. गाणे ऐकताना उत्तम वाटणारा हेडफोन कॉलमध्ये डबा वाजवल्यासारखा ऐकू येतो. जुन्या प्रकारच्या ब्लूटूथमध्ये उच्च दर्जाचा स्टिरिओ आवाज एकाच दिशेने जातो. माइक चालू झाला की हेडफोन दुतर्फा बोलण्याच्या मोडमध्ये जातो आणि आवाज मोनो (दोन्ही कानांत एकच) व अरुंद होतो. यावर ड्रायव्हर बदलून उपयोग नाही. कॉलच्या ॲपमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडावा आणि ऐकण्यापुरता हेडफोन ठेवावा, म्हणजे आवाज पूर्ववत होतो. ब्लूटूथ एलई ऑडिओ हे नवे तंत्र ही अडचण दूर करते, पण त्यासाठी हेडफोन, संगणकाचे ब्लूटूथ आणि विंडोज या तिघांचाही त्याला आधार असावा लागतो.

आवाज येतो पण तुटतो

येथे थोडे तंत्र समजून घेतले पाहिजे. ४८,००० हर्ट्झवर चालणाऱ्या ध्वनीत दर सेकंदाला, प्रत्येक वाहिनीसाठी, ४८,००० नमुने चिपकडे पोहोचावे लागतात. प्रोसेसर ते एकेक करून देत नाही. तो छोटा साठा भरून ठेवतो आणि चिप त्यातून उचलत राहते. विंडोजमधील नेहमीच्या पद्धतीत एक साठा साधारण १० मिलिसेकंदांचा, म्हणजे ४८० नमुन्यांचा असतो. पुढचा साठा भरायला उशीर झाला की चिपकडे वाजवायला काहीच उरत नाही, आणि ती पोकळी आपल्याला 'टक्' अशा आवाजाच्या किंवा खरखरीच्या रूपाने ऐकू येते. पानावरचे चित्र अर्धा सेकंद उशिरा उमटले तर डोळा ते माफ करतो. कान मात्र सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाचीही चूक पकडतो. संगणकाच्या आत काही तरी रखडत असल्याची पहिली वर्दी म्हणूनच आवाजाकडून मिळते.

प्रोसेसरचा वापर कमी दिसत असतानाही आवाज तुटतो, ही गोष्ट लोकांना कोड्यात टाकते. टास्क मॅनेजर सरासरी दाखवतो. एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर काही मिलिसेकंद अडवून धरला तर सरासरीत ते दिसत नाही, पण ध्वनीचा साठा तेवढ्यात रिकामा होतो. असा ड्रायव्हर शोधण्यासाठी 'लेटन्सीमॉन' हा प्रोग्रॅम उपयोगी आहे. तो चालू करून गाणे लावावे, काही मिनिटे नेहमीचे काम करावे आणि मग सर्वाधिक वेळ अडवणाऱ्या ड्रायव्हरचे नाव पाहावे. पुष्कळदा तेथे वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड किंवा बॅटरीच्या व्यवस्थापनाशी संबंधित ड्रायव्हर निघतो, ध्वनीचा नव्हे. हा प्रोग्रॅम न उतरवताही साधी परीक्षा करता येते: डिस्कवरचे गाणे लावून वाय-फाय बंद करावे. खरखर थांबली तर वाय-फायचा ड्रायव्हर बदलावा, किंवा शक्य असेल तेथे इंटरनेट तारेने घ्यावे.

ड्रायव्हरशिवाय आणखी काही कारणे असतात. ध्वनीला 'सुधारणारे' परिणाम हे त्यांपैकी एक. उपकरणाच्या गुणधर्मांत 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' बंद करून पाहावे. माझ्या मते हे परिणाम लॅपटॉपच्या चिमुकल्या स्पीकरपुरते ठीक आहेत, चांगल्या हेडफोनवर त्यांचा उपद्रवच अधिक होतो. यूएसबीचे ध्वनी-उपकरण हबमधून जोडलेले असेल तर ते थेट संगणकात लावावे, आणि पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंग्जमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करावे, कारण वीज वाचवण्यासाठी झोपवलेले उपकरण जागे होताना आवाजाचा पहिला तुकडा गिळते. ब्लूटूथचा आवाज तुटत असेल तर जागा तपासावी: ब्लूटूथ, जुने वाय-फाय आणि वायरलेस माउस हे सारे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात, आणि यूएसबी ३ ची उपकरणे व तारा त्याच पट्ट्यात गोंगाट सोडतात. ब्लूटूथचा डाँगल यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कला खेटून लावलेला असेल तर छोटी एक्स्टेंशन तार घेऊन तो दूर न्यावा आणि वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर टाकावे.

सतत येणारी घूंऽऽ अशी गुणगुण ही मात्र वेगळीच बाब आहे. ती विजेच्या मार्गातून येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवला आणि गुणगुण थांबली, तर अर्थिंगचा प्रश्न आहे. संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डवर लावून पाहावेत.

संथपणाचे मूळ

आवाज तुटण्याबरोबर खिडक्या उघडायलाही वेळ लागत असेल तर टास्क मॅनेजरमधील प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क हे तीन स्तंभ, संगणक प्रत्यक्ष अडखळत असताना, एकत्र वाचावेत. एकच स्तंभ पाहून घेतलेला निर्णय फसवा असतो. डिस्क १०० टक्के दिसली की डिस्क खराब झाली असे म्हटले जाते. पण त्याच वेळी मेमरीही ९० टक्क्यांच्या वर असेल, तर विंडोज मेमरीत न मावणारी माहिती डिस्कवर टाकत-उचलत आहे आणि खरी टंचाई रॅमची, म्हणजे याच मेमरीची, आहे. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते असे अधिकृतपणे सांगितले जाते. त्यावर ते सुरू होते, काम करणे ही पुढची गोष्ट. ब्राउझर, कॉल आणि एखादा दस्तऐवज एकत्र चालवायचे असतील तर ८ जीबीपेक्षा कमी रॅमवर सुख मिळत नाही.

मेमरी मोकळी असूनही डिस्क पूर्ण भरात असेल तर ती कोणत्या प्रकारची आहे हे पाहावे. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क विखुरलेल्या जागांवरून माहिती वाचताना सेकंदाला शंभराच्या आतबाहेर वेळा वाचू शकते. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, तेच काम हजारो वेळा करते. विंडोजच्या पार्श्वभूमीवर अपडेट, शोधाची अनुक्रमणिका आणि विषाणूंची तपासणी ही सारी कामे विखुरलेल्या वाचनाची असतात, त्यामुळे हार्ड डिस्कवर ती एकत्र आली की संगणक दगड होतो. जुन्या संगणकासाठी एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करावा, असे मी निःसंकोच सांगेन. एसएसडी भरत आणू नये, काही जागा मोकळी ठेवावी. आणि तिच्यावर बाहेरचे डीफ्रॅगचे (विखुरलेली माहिती सलग मांडणारे) प्रोग्रॅम चालवू नयेत, कारण तिला आवश्यक ती देखभाल विंडोज स्वतः करते.

प्रोसेसर गुंतलेला असेल तर यादीत सर्वात वर कोणता प्रोग्रॅम आहे ते पाहावे. 'स्टार्टअप ॲप्स' मध्ये जाऊन ओळखीचे पण अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत. अनोळखी नाव दिसले तर आधी ते काय आहे हे शोधावे. ब्राउझरच सर्वात वर असेल तर क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबून त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि दोषी टॅब किंवा एक्स्टेंशन नावानिशी सापडते. विषाणूविरोधी प्रोग्रॅम दोन ठेवू नयेत. रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करणारे आणि एका क्लिकमध्ये वेग वाढवणारे प्रोग्रॅम यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांच्याकडून वेग वाढत नाही, बिघाड मात्र वाढतो.

आवाज आणि वेग दोन्ही सुरुवातीला ठीक असून दहा-पंधरा मिनिटांनी बिघडत असतील तर संशय उष्णतेवर घ्यावा. तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की बहुतेक प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर चालू वेग आणि 'बेस स्पीड' दोन्ही दिसतात. जड काम चालू असताना चालू वेग बेस स्पीडच्या खूप खाली अडकून राहिला तर पंख्यातील धूळ काढावी. फवारणीच्या हवेने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाही तर ती बेभान फिरून पंखा खराब होतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नये. कमी वॅटचा चार्जर लावल्यानेही काही लॅपटॉप वेग आवरतात, तेव्हा धूळ झटकण्याआधी चार्जर मूळचाच आहे ना हे पाहून घ्यावे, आणि 'पॉवर मोड' बचतीवर अडकलेला नाही याचीही खात्री करावी.

मॅक आणि लिनक्सवर

मॅकवर टास्क मॅनेजरचे काम 'ॲक्टिव्हिटी मॉनिटर' करतो. तेथे मेमरीचा आकडा पाहण्यापेक्षा 'मेमरी प्रेशर'चा आलेख पाहावा, तो हिरवा असेल तर रॅमची चिंता नाही. ध्वनीच्या नमुन्यांचे दर 'ऑडिओ मिडी सेटअप' मध्ये पाहता येतात. लिनक्सवर आवाज येत नसेल तर 'अल्सामिक्सर' उघडावा. ज्या वाहिनीखाली 'एमएम' अशी रोमन अक्षरे दिसतात ती म्यूट असते आणि 'एम' ही कळ दाबली की ती खुली होते.

दुरुस्तीला देण्यापूर्वी

संगणक अधूनमधून काही सेकंद पूर्ण गोठत असेल, आवाजाचा एकच तुकडा त्या वेळी अडकल्यासारखा पुन्हा पुन्हा वाजत असेल किंवा फाइली उघडताना त्रुटी येत असतील, तर सर्व प्रयोग थांबवून आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढावी. त्यानंतर 'क्रिस्टलडिस्कइन्फो' सारख्या प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती पाहावी. तेथे 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसले तर डिस्क बदलणे भाग आहे, आणि विंडोज त्याच डिस्कवर नव्याने टाकणे म्हणजे वेळ व माहिती दोन्ही धोक्यात घालणे. डिस्क चांगली निघाली तर 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' चालवून रॅमची परीक्षा घ्यावी.

यंत्र दुरुस्तीला द्यायची वेळ आली तर "आवाज येत नाही" एवढेच सांगू नये. पट्टी हलते का, हेडफोन फोनवर चालतो का, लिनक्सवर आवाज आला का, बिघाड संगणक सुरू झाल्यावर किती वेळाने येतो आणि त्याआधी कोणते अपडेट झाले होते, ही उत्तरे कागदावर लिहून यंत्रासोबत द्यावीत.